काळ्यातला तपशील : जुना ड्रम स्कॅनर पारखून घेताना

रंगीत ट्रान्स्परन्सी लाइट बॉक्सवर ठेवून भिंगातून पाहिली की तिच्या सावल्यांत किती काही दडले आहे ते दिसते. वडाच्या पारंब्यांमागची ओली माती, गाभाऱ्याच्या कोपऱ्यातला दगड, काळ्या घोंगडीची वीण. तीच ट्रान्स्परन्सी घरगुती फ्लॅटबेड स्कॅनरवर ठेवा. पारंब्यांमागे काळा डाग उरतो आणि तो उजळवायला जावे तर मातीऐवजी रंगीत ठिपक्यांची गर्दी वर येते. ड्रम स्कॅनर नावाच्या अवजड, जुन्या, खर्चिक यंत्रासाठी आजही माणसे धडपडतात ती या काळ्यातल्या तपशिलासाठी. म्हणून हे यंत्र विकत घेतानाही सगळी परीक्षा अखेर काळ्या भागातच घ्यावी लागते. रेझोल्यूशनचा मोठा आकडा, चकचकीत आवरण, विकणाऱ्याची ग्वाही, या सगळ्या गोष्टी त्यानंतर येतात.

फिल्मचा गडदपणा ‘डेन्सिटी’ या लॉगरिदमच्या मापात मोजतात. डेन्सिटी १ म्हणजे पडलेल्या प्रकाशाचा दहावा हिस्सा पलीकडे जातो, ३ म्हणजे हजारावा आणि ४ म्हणजे दहा हजारावा. १९९० साली आलेल्या फुजीच्या व्हेल्व्हियासारख्या स्लाइड फिल्मचा सर्वांत गडद भाग ४च्या जवळपास पोचतो. त्या भागातला तपशील वाचायचा तर दहा हजारांतला एक वाटा प्रकाश मोजता आला पाहिजे, आणि शेजारच्या उजळ आकाशातून सांडलेला प्रकाश त्यात मिसळता कामा नये. फ्लॅटबेडची अडचण या दुसऱ्या अटीत आहे. तो फिल्मची अख्खी ओळ एकदम उजळतो. काच, भिंग आणि आरसे यांवरून परावर्तित झालेला प्रकाश सेन्सरवर पसरतो आणि सावल्या धुवून निघतात.

ड्रम स्कॅनर एका वेळी एकच ठिपका पाहतो. पारदर्शक अ‍ॅक्रिलिकच्या नळकांड्यावर फिल्म द्रव लावून चिकटवलेली असते. नळकांडे मिनिटाला शेकडो फेऱ्यांच्या वेगाने फिरते. आतून हॅलोजन किंवा झेनॉन दिव्याचा बारीक झोत फिल्ममधून बाहेर येतो आणि सूक्ष्मदर्शकासारख्या भिंगातून एका छिद्रावर पडतो. या छिद्राला अ‍ॅपर्चर म्हणतात. फिल्मचा केवढा ठिपका मोजला जाणार हे त्यावर ठरते, आणि चांगल्या यंत्रांत तो काही मायक्रॉनपर्यंत लहान करता येतो. पुढे प्रकाशाचे लाल, हिरवा आणि निळा असे भाग होऊन प्रत्येक भाग आपापल्या फोटोमल्टिप्लायर नळीत शिरतो. अनेक यंत्रांत चौथी नळीही असते. ती थोडा मोठा ठिपका पाहते आणि तिच्या मदतीने कडा धारदार केल्या जातात. नळकांड्याची एक फेरी झाली की चित्राची एक ओळ पुरी होते, भिंगाची गाडी केसभर सरकते आणि पुढची ओळ सुरू होते.

फोटोमल्टिप्लायर ही निर्वात काचनळी या यंत्राचा प्राण आहे. प्रकाशाचा कण तिच्या आतल्या लेपावर आदळला की एक इलेक्ट्रॉन सुटतो. शेकडो ते हजारभर व्होल्टच्या दाबाखाली तो पहिल्या पट्टीवर आदळून आणखी काही इलेक्ट्रॉन उडवतो, ते दुसऱ्या पट्टीवर, ते तिसऱ्या. असे टप्पे ओलांडत मूळ संकेत लाखो पटींनी वाढतो. म्हणूनच दहा हजारावा वाटा प्रकाशही तिला अंधार वाटत नाही. याचा दुसरा परिणाम खरेदीदाराने पक्का लक्षात ठेवावा. ही नळी चालू असताना तिच्यावर खोलीतला साधा उजेड पडला तरी ती कायमची बिघडू शकते. ‘आत बघायला’ म्हणून कुणी चालू यंत्राचे झाकण उघडले असेल तर त्याची खूण बाहेरून दिसत नाही. ती स्कॅनमध्येच दिसते.

फिरते नळकांडे आणि फोटोमल्टिप्लायर ही जोडी संगणकाच्या बालपणापासूनची आहे. १९५७ साली अमेरिकेच्या नॅशनल ब्यूरो ऑफ स्टँडर्ड्समध्ये रसेल कर्श यांनी आपल्या तीन महिन्यांच्या मुलाचा, वॉल्डनचा, फोटो अशाच नळकांड्यावर लावून सीक नावाच्या संगणकात उतरवला. जेमतेम १७६ गुणिले १७६ ठिपक्यांचे ते चित्र संगणकाने वाचलेले पहिले छायाचित्र मानले जाते. छपाईच्या धंद्यात ही कल्पना मोठी केली ती जर्मनीतल्या कील शहरातल्या रुडॉल्फ हेल यांच्या कारखान्याने, इंग्लंडच्या क्रॉसफिल्डने आणि जपानमधल्या क्योतोच्या दाइनिप्पॉन स्क्रीनने. त्यांची १९८०च्या दशकातली यंत्रे खोलीभर असत, किंमत लाखो डॉलर, आणि ती चालवणारे ऑपरेटर वर्षानुवर्षे रंग शिकून तयार झालेले. मुंबई-पुण्याच्या प्रोसेस हाऊसमध्ये कलर सेपरेशनसाठी ट्रान्स्परन्सी जात असे तो हाच काळ. त्या वर्षांतल्या एखाद्या दिवाळी अंकाच्या ऑफसेटवर छापलेल्या मुखपृष्ठावर साडीचा काठ सुतासुताने मोजता येत असेल, तर त्याचे श्रेय चित्रकार आणि मुद्रकाइतकेच त्या ऑपरेटरलाही द्यायला हवे. अशा ऑपरेटरांची नावे श्रेयनामावलीत क्वचितच आली.

१९९०च्या दशकात टेबलावर मावणारे ड्रम स्कॅनर आले. अमेरिकेत न्यू हॅम्पशरच्या हाउटेकचा ४५००, डेन्मार्कच्या स्कॅनव्ह्यूची स्कॅनमेट मालिका, इंग्लंडच्या आयसीजीची उभ्या नळकांड्याची यंत्रे, आणि हेलचा वारसा चालवणारा हायडलबर्गचा टँगो. मग डिजिटल कॅमेरा आला, छपाईसाठी फिल्म येणे थांबले आणि प्रोसेस हाऊसांनी ही यंत्रे मिळेल त्या भावात काढून टाकली. हाउटेक ही कंपनी तर २००२ साली एका विलीनीकरणानंतर आयकॅड झाली आणि स्तनांच्या एक्स-रेमधल्या गाठी संगणकाने शोधण्याच्या कामाला लागली. आज बाजारात दिसणारे बहुतेक ड्रम स्कॅनर या लाटेतले आहेत, म्हणजे पंचवीस-तीस वर्षे वयाचे. इमाकॉन किंवा हॅसलब्लाडचा फ्लेक्सटाइट कधी कधी याच यादीत विकायला ठेवलेला असतो. तो फिल्म वाकवून धरतो म्हणून त्याला ड्रम म्हटले जाते, पण आत फोटोमल्टिप्लायर नाही, सीसीडी सेन्सर आहे. स्कॅनर म्हणून तो उत्तम आहे, मात्र या प्रकरणातला नव्हे.

आता खरेदी. माझे पहिले आणि सर्वांत ठाम मत असे की यंत्र एकटे कधीच घेऊ नये. त्याच्याबरोबर ते चालवणारा संगणक, सॉफ्टवेअर आणि डाँगल मिळत नसेल तर किंमत कितीही कमी असो, हात जोडावेत. ही यंत्रे बहुतेक स्कझी जोडणीवर बोलतात. ही जोडणी आजच्या कुठल्याही लॅपटॉपला नाही. टँगोचे लिनोकलर किंवा न्यूकलर हे सॉफ्टवेअर जुन्या मॅक ओएस ९च्या जमान्यातले. त्यासाठी बेज रंगाचा पॉवर मॅक जी३ शोधावा लागतो, कारण त्यात स्कझी मुळातच आहे. पुढच्या मॅकमध्ये वेगळे कार्ड बसवावे लागते. हाउटेकच्या यंत्रांचे नशीब चांगले. कॅलिफोर्नियाच्या अ‍ॅझटेकने त्यांच्यासाठी डीपीएल हे विंडोजवरचे सॉफ्टवेअर केले, आणि हाउटेकच्याच वारशावर पुढे प्रीमियर हा ८००० डीपीआयचा स्कॅनरही उभा केला. डाँगल म्हणजे सॉफ्टवेअरची परवानगी देणारी ती छोटी किल्ली. ती हरवलेली असेल तर सॉफ्टवेअरची सीडी शोभेची वस्तू उरते. विकणाऱ्याला ‘सोबत सगळे आहे ना?’ असे विचारू नये. संगणक सुरू करून, डाँगल लावून, प्रीव्ह्यू येताना दाखवा असे सांगावे. फोनच्या व्हिडिओवर दाखवले तरी चालेल.

दुसरी चौकशी नळकांड्यांची. एकापेक्षा जास्त असावीत, कारण एकावर स्कॅन चालू असताना दुसऱ्यावर फिल्म चढवायची असते. शिवाय बंद पडलेल्या कंपनीचे नवे नळकांडे मिळवणे फार महाग पडते. नळकांडे काढून खिडकीच्या उजेडासमोर तिरके धरून फिरवावे. बाहेरच्या बाजूचे हलके ओरखडे पुष्कळदा चढवण्याच्या द्रवात भरून जातात आणि चित्रात दिसत नाहीत. आतले ओरखडे मात्र तसेच राहतात, कारण तिथे द्रव पोचत नाही. त्याहून वाईट म्हणजे अ‍ॅक्रिलिकमधले केसासारखे बारीक तडे. कुणीतरी स्पिरिट किंवा अ‍ॅसिटोनने नळकांडे पुसल्याची ती निशाणी असते. कडेला, जिथे नळकांडे यंत्रात अडकते तिथे असे तडे दिसले तर ते वेगाने फिरवणे धोक्याचे आहे. फिल्म चढवायचे स्टँड, पातळ पॉलिएस्टरची आवरणे, चिकटपट्टी आणि द्रव हेही विचारून घ्यावे. द्रव म्हणून पूर्वी खनिज तेल वापरत. आता जर्मन कामीसारखे उडून जाणारे द्रव वापरतात, त्यामुळे फिल्म नंतर धुवत बसावी लागत नाही.

मग यंत्र ऐकावे. चांगले नळकांडे फिरताना एकसुरी आवाज येतो. घरघर, टकटक किंवा वेग धरताना येणारी किंचाळी म्हणजे बेअरिंग नाहीतर पट्टा गेला. हे दोष बहुतेक वेळा दुरुस्त होतात, कारण बेअरिंग आणि पट्टे मापावरून बाजारात मिळतात. पॉवर सप्लायमधले फुगलेले कपॅसिटरही चांगला इलेक्ट्रॉनिक्सवाला बदलून देतो. त्यामुळे यांत्रिक आवाजाला घाबरून उत्तम यंत्र सोडू नये. किमतीत घासाघीस करावी. दिवा कोणता, तो अजून मिळतो का, सोबत किती सुटे आहेत, हे विचारावे. पर्यायी दिवा नुसता वॅट जुळवून चालत नाही, तार नेमक्या जागी असावी लागते. नाहीतर झोत छिद्रावर नीट पडत नाही.

यानंतर खरी परीक्षा, आणि तिला वेळ द्यावा. यंत्र अर्धा तास तापू द्यावे, दिवा आणि नळ्या स्थिरावल्याशिवाय निष्कर्ष काढू नये. स्वतःची फिल्म न्यावी, विकणाऱ्याची नव्हे. माझ्या मते तीन गोष्टी पुरतात. एक, गडद सावल्या असलेली, पण हातात धरून पाहिल्यावर त्यांत तपशील दिसणारी स्लाइड. दोन, निरभ्र आकाशाची किंवा एकाच रंगाच्या भिंतीची फिल्म. तीन, राखाडी पायऱ्यांची पट्टी. अमेरिकेच्या स्टाउफर कंपनीची ४१ पायऱ्यांची पट्टी ०.०५ पासून ४.०५ डेन्सिटीपर्यंत जाते. ती स्कॅन करून शेवटून मोजत यावे. कितव्या पायरीपासून दोन शेजारच्या पायऱ्या वेगळ्या ओळखू येतात, तीच त्या यंत्राची खरी पोच. माहितीपत्रकातला डीमॅक्सचा, म्हणजे कमाल डेन्सिटीचा, आकडा इथे उपयोगाचा नाही.

स्लाइडचा स्कॅन फोटोशॉपमध्ये उघडून लाल, हिरवा आणि निळा चॅनेल वेगवेगळे पाहावेत आणि सावल्या मुद्दाम जास्त उजळवाव्यात. निळा चॅनेल नेहमीच थोडा खरखरीत असतो, कारण हॅलोजन दिव्यात निळा प्रकाश मुळातच कमी. पण तो इतर दोन्हींपेक्षा फारच खराब असेल तर नळीला लगेच दोष देऊ नये. म्हातारा झालेला दिवा आधी निळा प्रकाश गमावतो. नवा दिवा घालून पुन्हा स्कॅन करावे. तरीही खरखर राहिली आणि तिन्ही नळ्या एकाच जातीच्या असतील, तर टेक्निशियन लाल आणि निळ्याची नळी अदलाबदल करून पाहतो. खरखर नळीबरोबर लाल चॅनेलमध्ये गेली तर नळी खराब. निळ्यातच राहिली तर दोष अ‍ॅम्प्लिफायर, फिल्टर किंवा धूळ बसलेल्या काचांत. हे काम स्वतः करू नये. यंत्र बंद केल्यावरही उच्च दाबाचा भार काही वेळ आत टिकून असतो.

आकाशाचा स्कॅन पट्टे शोधण्यासाठी. एक फेरी म्हणजे एक ओळ, त्यामुळे दिवा किंवा वीजपुरवठा थरथरत असेल तर फेरीच्या दिशेने उजळ-गडद ओळी उमटतात. गाडी सरकवणाऱ्या आट्यांच्या दांड्यात मळ किंवा झीज असेल तर ठराविक अंतराने सारखा दोष येतो आणि चित्रातली तिरकी सरळ रेष लाटांसारखी दिसू लागते. मोटरच्या वेगात किंवा नळकांड्याची जागा सांगणाऱ्या एन्कोडरमध्ये गडबड असेल तर नळकांड्याच्या आसाला समांतर असलेली रेष करवतीसारखी होते. फिल्मच्या एका भागात दाणे टोकदार आणि दुसऱ्यात मऊ दिसले तर नळकांडे वाकडे आहे किंवा नीट बसलेले नाही. शेवटी, फिल्म जागची न हलवता तासाभराने तोच स्कॅन पुन्हा घ्यावा आणि दोन्ही एकमेकांवर ठेवून फोटोशॉपच्या ‘डिफरन्स’ मोडमध्ये पाहावेत. चांगल्या यंत्रात जवळजवळ संपूर्ण काळे चित्र येते. रंग किंवा कडा दिसल्या तर यंत्र स्थिर नाही. विकणाऱ्याला ही परीक्षा सहसा ठाऊक नसते, पण मला ती सर्वांत बोलकी वाटते.

रेझोल्यूशनबद्दल थोडक्यात. ४००० डीपीआय म्हणजे ठिपक्यागणिक सुमारे ६.३५ मायक्रॉन, ८००० म्हणजे त्याच्या निम्मे. ३५ मिमीच्या बारीक दाण्याच्या स्लाइडसाठी ८०००चा थोडा फायदा दिसतो. चार बाय पाच इंचांच्या फिल्मला ४००० पुष्कळ. त्यातून १६,००० गुणिले २०,००० म्हणजे ३२ कोटी पिक्सेल येतात आणि १६ बिटची रंगीत फाइल सुमारे १.९ जीबी होते. काही जुनी सॉफ्टवेअर २ जीबीपुढची फाइल लिहूच शकत नाहीत, तेव्हा त्याहून मोठ्या आकड्याला तिथे अर्थ नाही. वेळही पाहावा. समजा नळकांडे सेकंदाला दहा फेऱ्या घेते. चार इंचांच्या १६,००० ओळींना १६०० सेकंद, म्हणजे जवळजवळ सत्तावीस मिनिटे लागतील, आणि फिल्म चढवण्याचा वेळ वेगळा. निगेटिव्ह स्कॅन करणाऱ्यांनी तर सर्वांत लहान अ‍ॅपर्चरचा मोह टाळावा. ठिपका दाण्याच्या मापाला फार जवळ गेला की दाणे प्रत्यक्षापेक्षा भरड दिसू लागतात. अ‍ॅपर्चर हाताने निवडता येते का, हा प्रश्न म्हणून डीपीआयच्या आकड्याहून महत्त्वाचा.

परदेशातून यंत्र मागवायचे असेल तर आणखी थोडी दक्षता हवी. अमेरिकन यंत्र ११० व्होल्टचे असू शकते. आत व्होल्टेज बदलायची सोय आहे का ते आधी विचारावे, नसेल तर योग्य क्षमतेचा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर घ्यावा, आणि कसेही असले तरी मध्ये चांगला यूपीएस हवाच. वाहतुकीत ही यंत्रे सर्वाधिक मरतात. भिंगाची गाडी जखडणारे वाहतुकीचे बोल्ट लावले आहेत, नळकांडी काढून वेगळ्या खोक्यात भरली आहेत, यंत्र लाकडी क्रेटमध्ये तळाला घट्ट बसवले आहे, या तिन्ही गोष्टींचे फोटो मिळाल्याशिवाय पैसे पूर्ण देऊ नयेत. बोल्ट हरवले असतील तर विकणाऱ्याने गाडी दुसऱ्या उपायाने बांधली पाहिजे. जुन्या यंत्रांच्या आयातीचे नियम कस्टम्सच्या एजंटाला आधी विचारून घ्यावेत, क्रेट बंदरात आल्यावर नव्हे.

मुंबई, कोकण किंवा गोव्यात यंत्र ठेवणाऱ्याने दमट हवेचा वेगळा विचार करावा. पावसाळ्यात भिंगांवर बुरशी धरते, आणि ड्रम स्कॅनरच्या काचा कॅमेऱ्याच्या लेन्ससारख्या काढून कोरड्या पेटीत ठेवता येत नाहीत. खोलीत डीह्युमिडिफायर हवा आणि यंत्र आठवड्यातून एकदा तरी चालवायला हवे. बरीच वर्षे गोदामात बंद पडलेला ‘जवळजवळ न वापरलेला’ स्कॅनर मला रोज चालणाऱ्या यंत्रापेक्षा जास्त संशयास्पद वाटतो. त्यात वंगण गोठलेले असते, पट्टे कडक झालेले असतात, कपॅसिटर सुकलेले असतात, आणि हे सगळे पहिल्याच सुरुवातीला एकदम बाहेर येते. एखाद्या कलावंताने कालपरवापर्यंत स्कॅन काढलेले, खरचटलेल्या आवरणाचे यंत्र त्याच किमतीत मिळत असेल तर ते घ्यावे. त्याने बदललेल्या भागांची वही असेल तर दोन पैसे जास्त द्यावेत.

कोणते मॉडेल, असे कुणी विचारले तर माझे उत्तर दुरुस्त करणारा माणूस कुठे आहे यावरून ठरते. ज्या यंत्राचे सुटे भाग आणि जाणकार आजही सापडतात ते थोडे कमी ताकदीचे असले तरी चालेल. पहिल्यांदा घेणाऱ्याला मी हाउटेक ४५०० सुचवीन. तो आटोपशीर आहे, त्याच्यासाठी विंडोजवरचे सॉफ्टवेअर आहे आणि ४००० डीपीआय बहुतेक कामांना पुरे. टँगो सावल्या फार सुंदर वाचतो, पण तो जड आहे आणि त्याला जुना मॅक सांभाळणारा धीराचा माणूस लागतो. आणि ज्याच्याकडे एकूण शे-दोनशेच फिल्म आहेत त्याने यंत्र घेऊच नये. निवडक वीस-तीस चित्रे एखाद्या ड्रम स्कॅन करणाऱ्या व्यावसायिकाकडून काढून घ्यावीत. उरलेल्या पैशांत बाकीच्यांसाठी चांगला फ्लॅटबेड येतो. ज्याच्या कपाटात मात्र आयुष्यभराच्या हजारो ट्रान्स्परन्सी आहेत आणि ज्याला त्या स्वतःच्या नजरेने वाचायच्या आहेत, त्याने दोन यंत्रे घ्यावीत. एक चालवायला आणि त्याच मॉडेलचे दुसरे, बंद असले तरी चालेल, सुट्या भागांसाठी. दुसऱ्यातल्या फोटोमल्टिप्लायर नळ्या काढून, काळ्या कागदात गुंडाळून, कोरड्या डब्यात नावे आणि तारीख घालून ठेवाव्यात.